आमचे हे पितात

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ऑफिसच्या पार्टीत तो लिंबू सरबत मागतो आणि सगळे त्याची टर उडवतात. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलुंडच्या एका शाळेत दर शनिवारी जमणाऱ्या बायका बरेच दिवस समजत होत्या की तो पक्का बेवडा आहे, आणि तसं त्यांना मीच सांगितलं होतं.

पिणारी मी होते.

सुरुवात कशी झाली, असं लोक विचारतात. त्यांना एखादं मोठं दुःख ऐकायचं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. अंधेरीच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघीजणी वाइन प्यायला जायचो. बाकीच्या तिघी घरी गेल्यावर ते विसरून जायच्या. मला मात्र पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणं जड जायला लागलं. मग झोप लागावी म्हणून थोडी, मग सकाळी हात थरथरू नयेत म्हणून थोडी. ऑफिसजवळच्या वाइन शॉपमध्ये मी "साहेबांकडे पार्टी आहे" असं सांगून क्वार्टर घ्यायचे. रोज क्वार्टरवर भागणारी ही कसली पार्टी, असं काउंटरवरच्या माणसाने कधी विचारलं नाही. घरी आणून ती मी सॅनिटरी पॅडच्या मोठ्या पाकिटात ठेवायचे. घरातला पुरुष तिथे हात घालत नाही. नवऱ्याला कळलं होतं की मी पिते, पण बाटली कुठे असते ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

मग मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. मी गेले होते. तिथे मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं त्यांना विचारायची माझी हिंमत नाही. एवढं आठवतं की रिक्षात मी तिच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं आणि ती रिक्षावाल्याला सांगत होती, "काका, हळू चालवा ना, आईला बरं नाही." सहावीत होती. उलटी झाली तर म्हणून तिने स्वतःच्या डब्याची पिशवी रिकामी करून माझ्या तोंडासमोर धरली होती.

नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर मी पण ओरडले असते, आणि तेवढ्यात दोन दिवस निघून गेले असते. त्याने तिचे युनिफॉर्म, पुस्तकं आणि उशी एका बॅगेत भरली आणि तिला चेंबूरला त्याच्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "तू काय ते कर. तुझं नीट होईपर्यंत ती ताईकडे राहील."

मला मुलगी परत हवी होती. बाकी कशासाठीही मी घराबाहेर पाऊल टाकलं नसतं.

मोबाइलवर शोधलं तर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगांचा एक नंबर सापडला. उचलणारा माणूस मोकळ्या आवाजाचा होता. त्याने विचारलं, "कुणासाठी, ताई?" मी म्हटलं, "एका नातेवाइकांसाठी." तो म्हणाला, "मग त्यांनाच पाठवा. ज्याचा प्रॉब्लेम आहे त्याने स्वतः आल्याशिवाय काही होत नाही बघा." तरी त्याने दिवस आणि जागा सांगितल्या. एक मीटिंग घाटकोपरलाच होती, आमच्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. तिथे जाणं शक्यच नव्हतं. आमच्या चाळीची आता बिल्डिंग झाली आहे, पण माणसं तीच. पुरुष तसल्या मीटिंगला गेला तर लोक म्हणतात, चला, सुधारतोय बिचारा. बाई गेली तर काय म्हणतात ते मला माहीत होतं, कारण दुसऱ्या कुणाबद्दल ते मीही म्हटलं असतं. बेवडा हा शब्द मुंबईत लहान पोराच्याही तोंडी असतो. बाईसाठी त्याचं रूप मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. बाईला दुसरेच शब्द लावतात.

म्हणून मुलुंड. शनिवारी संध्याकाळी मी एलबीएस रोडने बसने गेले. मेट्रोच्या कामामुळे बस विक्रोळीपासून मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि मी देवाला म्हणत होते की आणखी उशीर होऊ दे. निघताना दोन घोट घेतले होते. त्यांच्याशिवाय मी तिथवर पोचलेच नसते.

शाळा जुनी होती. पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक माणूस टेबलावर चहाचे ग्लास मांडत होता. डाव्या खोलीत पुरुष बसलेले दिसत होते, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. मी तिकडे वळले आणि त्या माणसाने किटली खाली ठेवून अगदी अदबीने हात आडवा केला. "ताई, तुम्ही घरच्यांपैकी ना? तुमची मीटिंग समोर. ही पिणाऱ्यांची."

त्याची काही चूक नव्हती. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, गळ्यात मंगळसूत्र असलेली बाई तिथे कुणासाठी येते हे तो रोज बघत होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "हो ना, सॉरी," आणि समोरच्या खोलीत गेले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

समोरच्या खोलीत बायका होत्या. सगळ्यांत मोठ्या होत्या त्यांना सगळ्या मोठ्या ताई म्हणत. भांडुपहून यायच्या. त्यांचे मिस्टर पिऊन पिऊन गेले होते आणि आता मुलगा त्याच वाटेने चालला होता. तो त्या वेळी पलीकडे पिणाऱ्यांच्या खोलीत बसलेला असायचा. मोठ्या ताईंनी मला शेजारी बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "इथे नाव सांगायची गरज नाही. मनातलं सांग. नसेल सांगायचं तर नुसती बस."

तिथे कुणी नवऱ्याचं नाव घेत नव्हतं. सगळ्याजणी 'हे' म्हणत. आमचे हे असं करतात, आमच्या ह्यांनी काल तसं केलं. आमच्या घरात मी नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. 'हे' हा शब्द मी सासूच्या तोंडी ऐकला होता, कधी वापरला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा तो माझ्या तोंडात आयता येऊन बसला.

"आमचे हे पितात," मी म्हटलं.

आणि मग मी थांबेचना. हे सकाळी दात घासायच्या आधी पितात. हे ऑफिसला जाताना तोंडात वेलची ठेवतात. ह्यांना भाजी चिरायला सुरी, म्हणजे, दाढी करायला वस्तरा धरवत नाही. मी इतकी अडखळले, पण बायकांना वाटलं मला रडू येतंय, आणि एकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला खरंच रडू येत होतं. माझ्या पिण्याबद्दल मी त्याआधी जिवंत माणसाशी एक खरं वाक्य बोलले नव्हते. त्या खोलीत मी सगळं खरं बोलत होते, फक्त कर्ता बदलून.

दुसऱ्या शनिवारी मी परत गेले. तिसऱ्याही. नवऱ्याला सांगितलं की मीटिंगला जाते, आणि ते खोटं नव्हतं. शनिवारी तो भात लावून ठेवायला लागला. पिणं कमी झालं होतं, थांबलं नव्हतं. मी स्वतःला सांगत होते की होईल हळूहळू.

त्या बायका काय बोलायच्या ते ऐकून घेणं हीच माझी शिक्षा होती असं आता वाटतं. विक्रोळीची एक तरुण मुलगी यायची, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. ती एकदा म्हणाली, "हे झोपले की मी त्यांच्या नाकाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे का. आणि ताई, खरं सांगू, चालू असला की मला वाईट वाटतं." कुणी तिला गप्प केलं नाही. दोघीतिघींनी मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर आलं की आमच्या बेडरूमच्या दारात नवरा उभा आहे आणि मी तोंड उघडं टाकून झोपले आहे. त्याला काय वाटत असेल हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता.

याच मुलीने मला विचारलं, "तुमचे हे लपवतात कुठे? आमच्याकडे तर फ्लशच्या टाकीत सापडली."

"पॅडच्या पाकिटात," मी म्हटलं.

खोलीत हशा पिकला. तिथे हसू क्वचितच यायचं. "हुशार आहेत हो तुमचे हे!" कुणीतरी म्हणालं. ती मुलगी मात्र हसता हसता थांबली. "पण ते पाकीट तर तुम्हीच उघडत असाल ना? तुम्हाला लगेच सापडणार." मी म्हटलं, "हो, म्हणून तर सापडली." ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मुलीचं मी सांगितलं होतं, पण माझ्या पद्धतीने. मी म्हटलं, पोरीला मी नणंदेकडे ठेवलंय. मोठ्या ताई म्हणाल्या, "शाब्बास. मला ते तेव्हा सुचलं नाही गं. माझा मुलगा बापाची थेरं बघत वाढला आणि आता बघ." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आणि ऐक. महिनाभर प्यायले नाहीत की ते म्हणतील, मी सुधारलो, पोरीला आण. आणायची नाही. आईचं काळीज आहे, विरघळेल. विरघळू द्यायचं नाही. त्या माणसाच्या सावलीला तिला उभी करू नकोस. शब्द दे मला."

मी शब्द दिला. घरी आले आणि उरलेली सगळी प्यायले.

त्यानंतरच्याच शनिवारी माझा नवरा तिथे आला. मला त्याने सांगितलं नव्हतं. मीटिंगचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये बघून त्याने फोन केला होता आणि त्याच मोकळ्या आवाजाच्या माणसाने त्याला सांगितलं होतं की घरच्यांचीही मीटिंग असते, त्याच वेळी, समोरच्याच खोलीत. तो चेंबूरहून, मुलीला भेटून, तडक आला होता. मला मदत कशी करायची ते शिकायला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त दारात तो दिसला, ऑफिसच्या शर्टात, घामाघूम, हातात हेल्मेट. आपण चुकीच्या जागी आलो की काय, असं त्याच्या तोंडावर होतं. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो हसला. मला वाटतं, क्षणभर त्याला वाटलं की आज दोन्ही मीटिंगा एकत्र आहेत.

विक्रोळीची मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "हेच का?"

मी होकाराची मान हलवली. मला काही वेगळं करता आलं असतं, पण मी मान हलवली.

मोठ्या ताई उठल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "दादा, तुमची खोली समोर. इथे बायकोच्या मागे मागे यायची गरज नाही. ती काय सोसते ते आम्हाला माहितीय. सोन्यासारखी पोरगी तुमच्यापायी लोकांच्या घरी राहते. लाज वाटत असेल तर आधी तिकडे जाऊन बसा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पर्सच्या चेनकडे बघत होते. तो एवढंच म्हणाला, "बरं, ताई," आणि वळून समोरच्या खोलीत गेला.

इकडे बायकांनी मला पुन्हा मध्ये घेतलं. कुणी म्हणालं, दिसायला किती साधे आहेत गं. कुणी म्हणालं, असेच असतात. तेवढ्यात समोरून टाळ्या ऐकू आल्या. नवीन माणूस आला की पिणाऱ्यांच्या खोलीत त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, तो आला हीच मोठी गोष्ट म्हणून. हे मी दर शनिवारी ऐकत आले होते. त्या दिवशी जोरात वाजल्या, बराच वेळ.

मी उभी राहिले. "ते पीत नाहीत," मी म्हटलं. "मी पिते. सगळं माझंच सांगत होते मी."

पाठीवर हात ठेवणारीने हात काढून घेतला. विक्रोळीची मुलगी म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण नवऱ्याच्या श्वासाचं तिने जे सांगितलं होतं ते तिने एका पिणारीला सांगितलं होतं. मोठ्या ताई म्हणाल्या, "मग इथे काय करतेस? जा समोर." पॅसेजमध्ये भेटल्या तर त्या आजही माझ्याशी बोलत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी आपल्या घरातलं मेलेलं माणूस माझ्यासमोर उघडं केलं होतं आणि मी सोंग घेऊन बसले होते.

पॅसेज ओलांडून गेले तर नवरा मागच्या बाकावर बसला होता. हातात चहाचा ग्लास, आणि शेजारचा म्हातारा त्याच्या मांडीवर थोपटत काहीतरी समजावत होता. तो निमूटपणे ऐकत होता. फळ्यापाशी उभा असलेला माणूस मला म्हणाला, "ताई, घरच्यांची समोर." मी म्हटलं, "नाही. माझी हीच." नवरा उठला, माझ्यासाठी जागा केली आणि ग्लास माझ्या हातात देऊन बाहेर गेला. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या की नाही ते मला आठवत नाही.

परत येताना मी त्याच्या मागे स्कूटरवर बसले होते. घाटकोपरच्या सिग्नलला तो थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "टाळ्या वाजवल्या गं माझ्यासाठी. मला सांगताच येईना त्यांना." तो रडत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

दारू सुटताना जे होतं ते सगळं झालं. हॉस्पिटलात भिंतीवर मुंग्या दिसल्या, हात बांधून ठेवावे लागले. गणपतीत एकदा घसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पिणाऱ्यांच्या त्या खोलीत मी एकटीच बाई आहे, आणि अजूनही कुणीतरी नवा चहावाला मला समोरची खोली दाखवतो. आता मी त्याला माझी खोली दाखवते. नोकरी गेली. गणपतीनंतर मी प्यायलेली नाही.

मुलगी मला भेटायला तयार नव्हती. नवरा दर रविवारी चेंबूरला जायचा आणि मी विचारायचे, आणि तो म्हणायचा, "पुढच्या वेळी बघू." मोठ्या ताईंना दिलेला शब्द कुणीतरी पाळत होतं, एवढंच.

मग एका रविवारी तो तिला घेऊन आला. ती उंच झाली होती. सँडल काढून तिने भिंतीशी एका रांगेत लावले. पूर्वी कुठेही भिरकावायची. घरभर बघितलं, पण आपल्या खोलीत गेली नाही. मी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. ती टेबलापाशी बसून नीट जेवली. शाळेचं विचारलं ते सांगितलं, मैत्रिणींचं विचारलं ते सांगितलं. सगळं व्यवस्थित. बोलायला लागल्यापासून मी तिची 'ए आई' होते. ए आई, माझे मोजे कुठे? ए आई, ऐक ना. त्या दिवशी आल्यापासून तिने मला काही म्हणून हाकच मारली नव्हती, आणि मी वाट बघत होते.

मी तव्यावरून गरम आंबोळी आणली आणि विचारलं, "अजून एक वाढू?"

"नको, पुरे," ती म्हणाली. "तुम्ही पण बसा ना आता. दमला असाल."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, रागही नव्हता. तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर तिथल्या बाईंना म्हणावं तसं, अगदी मनापासून, ती म्हणाली होती.

मी आंबोळी नवऱ्याच्या ताटात वाढली, तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.